ड्रॉइंगवरची स्पेसिफिकेशन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिप्लोमाचे विद्यार्थी, डिझाइनमध्ये नव्याने आलेले इंजिनिअर आणि दुसऱ्याचं ड्रॉइंग हातात घेऊन जॉब काढणारे वर्कशॉपवाले यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. शक्य तिथे एकच साधा भाग डोळ्यांसमोर ठेवला आहे: लिव्हरच्या बोअरमध्ये (भोकात) बसणारी २५ मिमी व्यासाची पिन.

ड्रॉइंगवर मापं असतातच. मग स्पेसिफिकेशन म्हणजे वेगळं काय?

आकृतीवरून भागाचा आकार कळतो. तो कशाचा करायचा, किती अचूक, किती कडक, किती गुळगुळीत, वर कोणतं कोटिंग आणि तयार झाल्यावर तपासायचा कसा, हे स्पेसिफिकेशन सांगतं. पिनवर नुसतं ‘२५’ लिहिलं तर लेथवर उभ्या असलेल्या माणसाने काय समजायचं? २४.९० चालेल? २५.०५ चालेल? तो त्याच्या अंदाजाने काढेल, तपासणारा त्याच्या अंदाजाने नाकारेल, आणि दोघांचंही चुकलं असं म्हणता येणार नाही.

पुण्यात डिझाइन केलेला भाग कोल्हापुरात ओतला जातो, चाकणला मशीन होतो आणि जोडला जातो तिसरीकडेच. या लोकांची एकमेकांशी गाठ पडत नाही. त्यांच्यामध्ये असतं ते फक्त ड्रॉइंग. त्यामुळे ड्रॉइंगवर जे लिहिलेलं नाही, ते नंतर व्हेंडरकडे मागण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं मी मानतो.

प्रॉडक्ट स्पेसिफिकेशन आणि ड्रॉइंगवरचं स्पेसिफिकेशन यांचं नातं काय?

आधी प्रॉडक्टचं ठरतं. समजा आपला लिव्हर शेतीच्या अवजारावर आहे. तो चिखलात आणि धुळीत चालणार, त्याला ग्रीस क्वचितच मिळणार, तुटला तर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे दुरुस्त व्हायला हवा, आणि किंमत इतकीच. यात एकही मिलिमीटर नाही, तरी पिनचं जवळजवळ सगळं इथेच ठरलं आहे. धूळ आहे म्हणजे पृष्ठभाग कडक हवा. ग्रीस कमी म्हणजे बुशचं (पिनभोवती बसणाऱ्या नळीचं) मटेरिअल विचारपूर्वक निवडायला हवं. गावात दुरुस्ती म्हणजे बाजारात सहज मिळणारा व्यास हवा.

ड्रॉइंगवरच्या प्रत्येक आकड्याचा माग असा वरपर्यंत लावता आला पाहिजे. माग लागत नसेल तर तो आकडा बहुतेक जुन्या ड्रॉइंगवरून उचललेला असतो. असे आकडे पिढ्यानपिढ्या चालतात आणि त्यांचे पैसे दर जॉबमागे मोजावे लागतात.

२५ एच७/जी६ म्हणजे काय? कोष्टक पाठ करावं लागतं का?

पाठ करू नका, वाचायला शिका. ही पद्धत आयएसओ २८६ मध्ये आहे. भारतीय मानक आयएस ९१९. मोठं अक्षर भोकासाठी, लहान अक्षर शाफ्टसाठी. अक्षरावरून टॉलरन्सचा (मापात चालणाऱ्या फरकाचा) पट्टा मूळ मापाच्या कुठल्या बाजूला आणि किती लांब आहे ते कळतं, आकड्यावरून त्या पट्ट्याची रुंदी.

२५ मिमीच्या एच७ बोअरची मर्यादा २५.००० ते २५.०२१. जी६ पिनची २४.९८० ते २४.९९३. म्हणजे सर्वांत घट्ट जोडीत ७ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फट राहते आणि सर्वांत सैल जोडीत ४१ मायक्रॉनची. पिन हाताने सरकते, तेलाला जागा मिळते, खडखडत नाही. तीच पिन पी६ केली तर ती २५.०२२ ते २५.०३५ होते, म्हणजे बोअरपेक्षा कायम मोठी. मग ती प्रेसवर दाबूनच बसवावी लागते. बोअर तोच, रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं टूल) तोच, फक्त पिनचं अक्षर बदललं आणि फिरणारा सांधा पक्का झाला. बोअर एच७ ठेवून शाफ्ट बदलण्याची पद्धत एवढी रुळली त्याचं कारणही हेच: भोकासाठी रीमर आणि प्लग गेज ठरावीक मापाचे विकत घ्यावे लागतात, शाफ्ट मात्र ग्राइंडिंगवर हव्या त्या मापाला आणता येतो.

टॉलरन्स घट्ट दिला तर क्वालिटी चांगली येईल ना?

नाही. नव्या डिझाइनरमध्ये हा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत महागही तोच पडतो. ±०.२ ला साधं टर्निंग पुरतं. ±०.०२ ला चांगलं सीएनसी आणि टूलवर लक्ष लागतं. काही मायक्रॉनवर गेलात की ग्राइंडिंग किंवा होनिंग आलं, वेगळं मशीन आलं, वेगळा कारागीर आला आणि तपासणीचं साधनही बदललं. ०.०२ लीस्ट काउंटच्या व्हर्नियरने २१ मायक्रॉन टॉलरन्सचा बोअर तपासता येत नाही. एअर गेज, बोअर गेज किंवा गो-नो-गो प्लग गेज लागतो. मोजण्याचं साधन टॉलरन्सच्या एक दशांश इतकं बारीक असावं, असा जुना आडाखा आहे आणि तो आजही उपयोगी पडतो.

याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. ड्रॉइंगवरची पन्नास मापं सरसकट घट्ट असली की त्यातलं जिवावरचं माप कोणतं, हे शॉप फ्लोअरवर कोणालाच कळत नाही. फंक्शन ज्यांच्यावर अवलंबून आहे ती चार-पाच मापं घट्ट ठेवा, त्यांना क्रिटिकल म्हणून खूण करा आणि बाकीची मोकळी सोडा. घट्ट टॉलरन्स मागणाऱ्याला ‘का?’ विचारण्याची सवय डिझाइन रिव्ह्यूमध्ये लागली पाहिजे.

ज्या मापांवर टॉलरन्स लिहिलेला नाही त्यांचं काय?

टायटल ब्लॉकजवळची जनरल टॉलरन्सची टीप त्यांना लागू होते. ‘आयएसओ २७६८-एम’ असेल तर ६ च्या वर ३० पर्यंतच्या मापांना ±०.२, ३० च्या वर १२० पर्यंत ±०.३, १२० च्या वर ४०० पर्यंत ±०.५. भारतीय मानक आयएस २१०२. ही टीपच नसेल तर काम सुरू करण्याआधी विचारा, लेखी विचारा.

सुटे भाग सगळे मापात, तरी असेंब्ली बसत नाही. असं का होतं?

टॉलरन्स एकावर एक साचतात. २५ ±०.१ चे चार स्पेसर रांगेत लावले तर एकूण १०० ±०.४. जिथे ±०.२ च चालणार होतं तिथे अडलं. प्रत्येक स्पेसर निर्दोष आहे, व्हेंडरला दोष देता येत नाही. प्रत्येक माप आपल्या मध्याभोवती स्वतंत्रपणे पसरत असेल तर वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात आणि ते ±०.२ येतं, पण हे गृहीतक मोठ्या संख्येने होणाऱ्या आणि नियंत्रणात असलेल्या उत्पादनालाच शोभतं. दहा नग करायचे असतील तर वाईटात वाईट जोडी धरूनच चाला. आणि डायमेन्शन साखळीने देण्याऐवजी एका डेटमपासून (ठरवलेल्या एकाच आधारापासून) द्या, अर्धं दुखणं तिथेच थांबतं.

जीडी अँड टी खरंच लागतं, की ते मोठ्या कंपन्यांचं खूळ आहे?

जीडी अँड टी म्हणजे मापासोबत आकार आणि जागा यांचाही टॉलरन्स खुणांनी देण्याची पद्धत. चार भोकांचा फ्लँज घ्या. प्रत्येक भोकाची जागा एक्स आणि वाय दोन्ही दिशांना ±०.१ दिली, म्हणजे भोकाचा मध्य ०.२ बाजूच्या चौकोनात कुठेही चालतो. चौकोनाचा कोपरा मध्यापासून ०.१४ वर आहे. कोपऱ्यातलं भोक बोल्ट घेत असेल, तर तितक्याच अंतरावर सरळ उजवीकडे सरकलेलंही घेईल. पण चौकोनाच्या हिशेबाने ते रिजेक्ट! पोझिशन टॉलरन्स गोल पट्टा देतो: ०.२८ व्यासाचा. त्याचं क्षेत्रफळ चौकोनाच्या ५७ टक्क्यांनी जास्त. बोल्टला काही फरक पडत नाही आणि चांगले नग भंगारात जायचे थांबतात. वर भोक मोठ्या बाजूला निघालं असेल तर जागेत आणखी सूट देता येते, त्यासाठीच मॅक्सिमम मटेरिअल कंडिशनची (भागात जास्तीत जास्त धातू असण्याच्या स्थितीची) खूण असते. ही कल्पना मांडण्याचं श्रेय स्कॉटलंडमधल्या टॉर्पेडो कारखान्यात काम करणाऱ्या स्टॅन्ली पार्कर यांना दिलं जातं. कामाचे भाग नाहक नाकारले जात होते, त्यातून ती निघाली.

तेव्हा हे खूळ नाही. मात्र जिथे साध्या ± ने भागतं तिथे पाच खुणांची चौकट टाकू नका.

अमेरिकन आणि युरोपियन ग्राहकांची ड्रॉइंग वाचताना काय सांभाळायचं?

सर्वांत आधी प्रोजेक्शनची खूण बघा; कुठल्या बाजूचं दृश्य कुठे काढलंय ते ती सांगते. भारतात आणि युरोपात फर्स्ट अँगल, अमेरिकेत थर्ड अँगल. कॉलेजात एसपी ४६ (ड्रॉइंगची भारतीय मानक पुस्तिका) प्रमाणे फर्स्ट अँगल हाताला बसलेला असतो आणि घाईत डावा भाग उजवा होऊन बसतो. युरोपातल्या अनेक ड्रॉइंगवर दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, तोही ध्यानात ठेवा.

दुसरा फरक खोल आहे आणि फार कमी लोक तो सांगतात. अमेरिकन वाय१४.५ या मानकात व्यासाची मर्यादा आकारालाही बांधते: आपली पिन सर्वांत मोठ्या मापाची असेल तर ती पूर्ण सरळ असली पाहिजे. आयएसओमध्ये ८०१५ प्रमाणे माप आणि आकार स्वतंत्र धरले जातात. म्हणजे २०० मिमी लांबीची पिन प्रत्येक ठिकाणी २४.९९० भरेल, किंचित वाकलेलीही असेल, आणि व्यासापुरती ड्रॉइंगप्रमाणे बरोबर ठरेल. ती बुशमध्ये जाणार नाही, हा भाग वेगळा. आयएसओ ड्रॉइंगवर सरळपणा हवा असेल तर स्ट्रेटनेस टॉलरन्स द्या किंवा मापापुढे वर्तुळातली ‘ई’ ची खूण टाका.

मटेरिअलच्या रकान्यात ‘एमएस’ (माइल्ड स्टील) लिहिलं तर चालतं का?

ब्रॅकेटला वेल्डिंगचा टाका पडणार नसेल आणि भारही नसेल तर चालून जातं. पण ‘एमएस’ हा ग्रेड नव्हे. प्लेट असेल तर ‘आयएस २०६२ ई२५०’ लिहा, बीड (कास्ट आयर्न) असेल तर ‘आयएस २१० एफजी २६०’. त्यातला २६० म्हणजे किमान ताणशक्ती (टेन्साइल स्ट्रेंग्थ) २६० मेगापास्कल. असा आकडा असला की तपासता येतं.

‘ईएन८ किंवा समतुल्य’ ही आपल्याकडची लाडकी ओळ. समतुल्य कोणी ठरवायचं? ईएन८ आणि सी४५ ही दोन्ही मध्यम कार्बनची पोलादं: ईएन८ मध्ये कार्बन साधारण ०.४० टक्के, सी४५ मध्ये ०.४५. बहुतेक कामांत दोन्ही चालतात, पण इंडक्शन हार्डनिंगला (विजेने तापवून पृष्ठभाग कडक करण्याला) हा फरक जाणवतो. चालणारे पर्याय नावानिशी लिहा आणि महत्त्वाच्या भागासाठी मिलचं ३.१ टेस्ट सर्टिफिकेट मागा. आणखी एक: हा ‘ईएन’ जुन्या ब्रिटिश मालिकेतला आहे, हल्लीच्या युरोपियन मानकांची नावंही ‘ईएन’ नेच सुरू होतात. परदेशी ग्राहकाला नुसतं ईएन८ लिहून पाठवू नका.

हार्डनिंगची टीप कशी लिहावी?

‘हार्डन करा’ किंवा ‘पाणी द्या’ एवढ्याने भट्टीवाला त्याच्या सवयीने काम करेल. २० एमएनसीआर५ ची पिन केस हार्डन (फक्त वरचा थर कडक) करायची असेल तर कडकपणा ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल सी), केस डेप्थ ०.८ ते १.० मिमी, आणि ती ग्राइंडिंगनंतर मोजायची, हे तिन्ही लिहा. शेवटचं नेमकं राहून जातं. प्रत्येक बाजूने ०.१५ ग्राइंडिंगला जाणार असेल तर भट्टीत तेवढी खोली जास्त द्यावी लागते. आटे असतील तर ते मऊ ठेवायचे, हेही लिहा, नाहीतर ते ठिसूळ होऊन झडतात.

सरफेस फिनिशला आरए १.६ टाकून मोकळं व्हावं का?

आरए ही पृष्ठभागाच्या उंच-सखलपणाची मायक्रॉनमधली सरासरी आहे. खडबडीतपणा किती ते ती सांगते, खुणा कुठल्या दिशेच्या आहेत ते सांगत नाही. ऑइल सील जिथे घासतो ती शाफ्टची जागा बघा. तिथे साधारण आरए ०.२ ते ०.८ लागतो, पण टर्निंगच्या मळसूत्री खुणा राहिल्या तर आकडा बरोबर असूनही शाफ्ट फिरताना तेल बाहेर ढकललं जातं. म्हणून तिथे प्लंज ग्राइंडिंग आणि ‘मळसूत्री खुणा नकोत’ अशी टीप हवी. बाकी न दिसणाऱ्या, न घासणाऱ्या पृष्ठभागांना फिनिश मागूच नका. जुन्या ड्रॉइंगवर त्रिकोणांच्या खुणा दिसतील. त्यांचा अर्थ कंपनीगणिक बदलायचा, म्हणून अंदाज न करता आकडा विचारून घ्या.

प्लेटिंगनंतर नट चढत नाही. चूक कोणाची?

बहुतेक वेळा ड्रॉइंगची. एम८ चे, १.२५ पिचचे (दोन आट्यांतलं अंतर १.२५ मिमी) स्टड घ्या, आटे ६जी या टॉलरन्सचे. आटे पाडल्यावर गो गेज छान जातो. मग ड्रॉइंगप्रमाणे १२ मायक्रॉन झिंक होतं आणि स्टड परत येतात. नट दोन आटे चढून अडकतो. हिशेब असा: ६० अंशाच्या आट्यावर थराच्या जाडीच्या चौपट पिच व्यास (आट्याच्या मधल्या उंचीवरचा व्यास) वाढतो. १२ मायक्रॉनला ४८. ६जी मध्ये या पिचला मूळ मापाखाली सोडलेली जागा २८ मायक्रॉनची आहे, म्हणजे वरच्या मर्यादेवर काढलेल्या आट्याला ७ मायक्रॉनच्या वर थर पेलतच नाही. प्लेटिंगवाल्याने सांगितलं तेवढंच केलं.

म्हणून मापं प्लेटिंगच्या आधीची की नंतरची, हे ड्रॉइंगवर स्पष्ट हवं, आणि जाड थर हवा असेल तर आटे आधीच तेवढे कमी काढायला सांगा. १०.९ किंवा १२.९ ग्रेडचे बोल्ट असतील तर इलेक्ट्रोप्लेटिंगनंतर बेकिंगची टीपही हवी. पोलादात शिरलेला हायड्रोजन बाहेर काढला नाही तर कसलेला बोल्ट काही तासांनी, कधी काही दिवसांनी अचानक तुटतो.

कास्टिंगचं ड्रॉइंग वेगळं करावं का?

हो. ओतलेल्या भागाचं वेगळं, मशीन केलेल्याचं वेगळं. कोल्हापूरच्या फाउंड्रीला पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ), ड्राफ्ट (पॅटर्न सुटावा म्हणून दिलेला उतार), मशीनिंग अलाउन्स (मशीनिंगसाठी ठेवलेला जास्तीचा धातू) आणि पहिल्या मशीनिंगला पकडायच्या जागा लागतात. मशीनवाल्याला त्यांतली शेवटचीच लागते. पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करण्याआधी पॅटर्नमेकरला ड्रॉइंग दाखवा. बीड गार होताना सुमारे एक टक्का आकसतं, जाड-पातळ भिंती एकत्र आल्या की पोकळी धरतं, हे त्याला वर्षानुवर्षं हाताळून माहीत असतं.

उन्हाळ्यात मापं वेगळी येतात. ड्रॉइंग कोणत्या तापमानाचं असतं?

२० अंश सेल्सिअसचं; तसं आयएसओ १ मध्येच आहे. मे महिन्यात शेडमध्ये ४० अंश असताना १०० मिमीचा पोलादी भाग सुमारे २३ मायक्रॉनने लांब भरतो, ॲल्युमिनिअमचा त्याच्या दुप्पट. पोलादी जॉब आणि पोलादी मायक्रोमीटर एकाच तापमानाला असतील तर दोन्ही सारखेच वाढतात आणि निभावतं. मशीनवरून गरम उतरलेला जॉब लगेच मोजला किंवा ॲल्युमिनिअम असेल तर मात्र फसगत होते. स्टँडर्ड रूममध्ये नग काही वेळ नुसता ठेवून मग मोजतात तो याचसाठी.

मशीनवर काम करताना ड्रॉइंगमध्ये छोटासा बदल सोयीचा वाटला तर?

सुचवा, जरूर सुचवा. पण मंजुरी आणि नवी रिव्हिजन आल्याशिवाय करू नका. आणि मंजुरी देणाऱ्याने गणित पुन्हा मांडल्याशिवाय सही करू नये.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात लॉबीवर टांगलेले पादचारी पूल होते. चौथ्या मजल्याच्या पुलाखाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून आलेला एकच सलग रॉड दोन्ही पुलांतून जात होता. तसं करायचं तर रॉडला लांबच्या लांब आटे पाडावे लागले असते, म्हणून त्याचे दोन तुकडे झाले: एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरा चौथ्यापासून दुसऱ्यापर्यंत. कागदावर फरक किरकोळ दिसतो. पण आधी वरच्या पुलाखालच्या नटवर फक्त त्याच पुलाचा भार होता. आता खालचा पूलही त्याच तुळईला लटकला आणि नटवरचा भार दुप्पट झाला. मूळ रचनाही बांधकाम नियमांच्या मागणीपेक्षा कमजोर होती, असं तपासात पुढे आलं. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी दोन्ही पूल गर्दीवर कोसळले. ११४ माणसं गेली.

थ्रीडी मॉडेल पाठवलं तर ड्रॉइंगची गरज उरते का?

मॉडेलमध्ये आकार पूर्ण असतो, टॉलरन्स आणि टिपा आपोआप येत नाहीत. त्या मॉडेललाच जोडण्याची पद्धत आहे आणि त्यासाठी आयएसओ १६७९२ हे मानकही आहे, पण लहान वर्कशॉपमध्ये ते बघण्याचं सॉफ्टवेअर असेलच असं नाही. दोन्ही पाठवत असाल तर मतभेद झाल्यास मॉडेल खरं की ड्रॉइंग, हे एका ओळीत लिहा.

युनिट तर सगळ्यांना माहीतच असतं, ते लिहायची काय गरज?

नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मध्ये मंगळाजवळ नष्ट झालं. एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरचा आवेग पाउंड-सेकंदात दिला, दुसऱ्याने तो न्यूटन-सेकंदात धरला. इंटरफेसच्या स्पेसिफिकेशनमध्ये एकक स्पष्ट लिहिलेलं होतं. पाळलं गेलं नाही आणि कोणी पडताळलंही नाही. तेव्हा लिहा, आणि पहिला नग आला की बलून ड्रॉइंग (प्रत्येक मापाला क्रमांक दिलेलं) घेऊन प्रत्येक ओळ तपासा. आपल्याकडे इंच, सूत आणि मिलिमीटर अजून एकाच शेडमध्ये नांदतात.

स्पेसिफिकेशन लिहिणं शिकायचं कसं?

सायकलच्या ब्रेकचा लिव्हर किंवा दाराची बिजागरी उघडा, मोजा, ड्रॉइंग करा. मग ते ड्रॉइंग अशा माणसाच्या हातात द्या ज्याने ती वस्तू पाहिलेली नाही, शक्यतो मशीनवर काम करणाऱ्याच्या. वस्तू दाखवू नका, तोंडी काही सांगू नका. तो जे जे विचारेल ते लिहून घ्या: हे कशाचं, ही कड मोडायची का, हे भोक आरपार आहे का, हे मोजायचं कशाने. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ड्रॉइंगवर टाका, रिव्हिजन बदला आणि तेच ड्रॉइंग दुसऱ्या माणसाला द्या.